गोदाआत्याची भरलेली पिशवी

गोदाआत्या, माझ्या पदवीच्या कागदावर माझ्या नावाशेजारी आणखी एक नाव घालता आलं असतं, तर ते तुझं असतं. आईबाबांनी जन्म दिला, वाढवलं, ते आहेच. पण आज मी नांदेडला कॉलेजच्या ग्रंथालयात ज्या खुर्चीवर बसतो ती तू दिलेली आहे. ती कशी दिलीस हे तुला आणि मला सोडून कुणालाच माहीत नाही, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

तू जाऊन आज एकोणीस दिवस झाले. रडायचं ते रडून झालं आहे, पुढेही होईल. सध्या मात्र मला एका गोष्टीचं राहून राहून नवल वाटतं. तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडून चाकूरच्या घरी आलो, तेव्हा वहिनीनं तुझ्या खोलीच्या दाराआडून एक पिशवी काढली. तुझी ती खाकी कापडाची, धरायला बंद असलेली. भरलेली होती. आत दोन धुतलेली लुगडी, घडी मोडलेली नाही. फणी. मिश्रीची डबी. जुन्या साडीच्या कापडात बांधलेल्या कुरडया. एक कोरा खण. आणि तळाशी दोरी. चांगली अंगठ्याएवढी जाड, नवीकोरी, वेटोळं करून ठेवलेली.

"म्हातारी कुठं निघाली व्हती?" दादानं विचारलं. तुझा मुलगा असून त्याला माहीत नव्हतं.

वहिनी म्हणाली, "मला काय बोलल्या न्हाईत. कधी भरली तेबी दिसलं न्हाई."

शेजारची एक बाई म्हणाली, तुळजापूरला जायचं असेल. दुसरी म्हणाली, दवाखान्याची तयारी असेल. पण दवाखान्यात दोरी घेऊन कोण जातं? शांताआत्या, तुझी धाकटी बहीण, भिंतीला टेकून बसली होती. ती माझ्याकडेच बघत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. तिच्याकडे बघायची मला सवयच नव्हती.

तुला प्रश्न विचारायची केवढी हौस! संक्रांतीनंतर मी जुनी गाडी घेतली तेव्हा तू फोनवर ओरडून बोललीस. कमी ऐकू यायला लागल्यापासून तू ओरडतच बोलायचीस. "गजू, तुझ्या गाडीत बसून मला माझी माणसं बघायचीत. समदी पांगलीत. कोण कुठं निजतंय ते एकदा डोळ्यानं बघून येते."

मला आधी कळलंच नाही. भेटायचं म्हणतेस की निजायची जागा बघायची म्हणतेस?

"जागा बघितली की माणूस डोळ्यांपुढं येतंय," तू मला चाकूरहून निघताना सांगितलंस. "न्हाईतर नुसतं नाव. नावाची आठवण काढून काढून किती काढावी?"

मी फोनवर नकाशा लावून रस्ता आखला होता. चाकूरहून उदगीर, मग देगलूर, मग उमरी, नांदेडला मुक्काम, परत येताना लातूरवरून निलंगा. गोल फेरी, दोन दिवस. तू नकाशाकडे बघितलंसुद्धा नाहीस. म्हणालीस, "पैलं उमरी. थोरल्या वन्सं हायत तिथं. मग निलंगा, गौराबाई माझ्याहून दोन वर्सांनी मोठी. शांती धाकटी, तिच्याकडं शेवटी."

"आत्या, उमरीहून देगलूर दीड तासावर आहे. तू मला परत चाकूरवरून, लातूरवरून निलंग्याला नेतेस आणि तिथून पुन्हा देगलूर!"

"मान रस्त्यावरून ठरत न्हाई. वयावरून ठरतो."

तर आपण मानानं निघालो. पेट्रोल जास्त लागलं, दिवस तीन लागले. उमरीहून परत येताना आपण तुझ्याच घरासमोरून गेलो. वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होती. मी म्हणालो, उतरून चहा घेऊ. तू मान खाली घालून बसलीस आणि म्हणालीस, "निघालेलं माणूस मधीच घरी उतरत न्हाई. चल, चल, तिनं बघितलं तर थांबावं लागंल." मी हसलो, तूही हसलीस. पण तेव्हापासून मनात एक शंका होती, ती तुला विचारायची राहिली. खरंच मान होता, की देगलूर जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवायचं होतं? निघाल्यावर मलाही ते लांबवावंसं वाटत होतं. नकाशात मी देगलूर आधी ठेवलं होतं ते केवळ लवकर उरकावं म्हणून.

उमरीला तुझ्या नणंदबाई तुझ्या गळ्यात पडल्या आणि लगेच भांडायला लागल्या, की तू वाळलीस कशी. त्यांचं ऐकून घेतलंस आणि थेट आत जाऊन पलंग बघून आलीस. "खिडकी डोक्याशी हाय. वारं लागत नसंल?" त्यांना आधी रागच आला. मग त्या खिडकीबद्दल अर्धा तास बोलल्या. सुनेनं ती कशी बंद करायला लावली, मग कशी उघडून घेतली. इतकी वर्षं त्यांना त्या खिडकीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

निलंग्याला गौराबाईंकडे तर गंमतच झाली. तुला नीट ऐकू येत नाही, त्यांना दिसत नाही. तीस वर्षं चाकूरला भिंतीला भिंत लावून राहिलेल्या मैत्रिणी तुम्ही. त्यांनी तुझा चेहरा हातानं चाचपला आणि म्हणाल्या, "बा गं बा, गोदे! दात किती ऱ्हायले?"

"आठ!" तू ओरडलीस.

"माझे अकरा!" त्यांनी बोटं नाचवली.

"मग शेंगा तू फोड, मी खाती."

नातवंडं हसून लोळली. निघताना तू त्यांच्या अंथरुणावर जरा वेळ आडवी झालीस. भिंतीकडे तोंड करून बघितलंस, मग दाराकडे. म्हणालीस, "आता कळलं, सकाळी डोळं उघडल्यावर हिला काय दिसत असंल." मग आठवलं की गौराबाईंना दिसत नाही. तू उठलीस आणि डोळ्यांना पदर लावलास.

त्याआधी उमरीजवळ एक गोष्ट झाली होती. ती मला तेव्हा कळली नाही. फाट्यावरून आपलं गाव चार किलोमीटर. तुझं माहेर, माझं घर. आई तिथंच असते. मी गाडी वळवायला लागलो, तर तू माझ्या हातावर हात ठेवलास.

"इथं नगं."

"अगं, आई वाट बघत असेल."

"बोलावलंय का तिनं?"

"आपल्याच घरी बोलावणं कशाला लागतं?"

"लागतं. हाव, लागतं. वाटेत आलं म्हणून माहेरी न्हाई जायचं."

मी चिडलो. बाबा जाऊन आठ वर्षं झाली, आता कसलं माहेर नि कसलं बोलावणं, असं काहीतरी बोललो. शिकलेल्या माणसाच्या आवाजात बोललो. तू बाहेर हरभऱ्याचे घाटे बघत राहिलीस. हा आपला वाद तसाच राहिला. मी जिंकलो असं समजून पुढे गाडी चालवत होतो.

मग देगलूर आलं. शांताआत्या दारात उभी होती. दादानं तिला आधी फोन केला होता. तिनं "ये" म्हटलं नाही. तू उंबऱ्याबाहेर, ती आत. बावीस वर्षं तुम्ही लग्नाकार्यात एका पंगतीला बसायच्या आणि बोलायच्या नाहीत. मी पिशव्या हातात घेऊन मागे उभा होतो.

तू विचारलंस, "शांते, तू निजतीस कुठं?"

शांताआत्या म्हणाली, "हे इचारायला बावीस वर्सं लागली व्हय?" पण बाजूला सरकली. तुला आत घेतलं. पायावर पाणी घातलं. माडीवरची खोली दाखवली. तू जिना चढून गेलीस, गुडघे धरून. तिच्या नातवाशी ती तेलुगूत बोलली, तेव्हा तू तुझ्या मते हळूच मला म्हणालीस, "बघ, आपल्या शांतीला आणखी एक भाषा येती." कौतुकानं म्हणालीस.

जेवताना तिनं विचारलंच. ताटात वाढता वाढता. "एकच सांग गोदाक्का. त्या पंचमीला मुराळी कामून धाडला न्हाईस?"

मी वरण कालवायला घेतलं.

सासरी गेलेल्या लेकीला सणाला आणायला माहेरचा जो माणूस जातो, तो मुराळी. तो आला नाही तर लेक जात नाही, आणि सासरी तिला ऐकून घ्यावं लागतं. त्या वर्षी नागपंचमीला बाबांचा पाय मोडलेला होता. त्यांनी निरोप दिला की गजूला चाकूरहून देगलूरला धाडा, त्यानं शांताला गावाकडं आणावं. मी अठराचा होतो, तुझ्याकडं राहून लातूरला कॉलेजात जात होतो. तुझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून तू माहेरी जाणार नव्हतीस. तू मला शेंगापोळ्या बांधून दिल्यास, नवा शर्ट घालायला लावलास आणि बसमध्ये बसवलंस. संध्याकाळी मी एकटाच परत आलो. म्हणालो, उदगीरला बस चुकली. दुसऱ्या दिवशी पंचमीच होती, आता जाऊन उपयोग नव्हता.

शांताआत्या देगलूरला सकाळपासून पिशवी भरून ओट्यावर बसली होती. दिवे लागेपर्यंत. महिन्याभरात आजी गेली. शांताआत्याला आई जिवंत दिसली नाही ती नाहीच.

पंचमीनंतर आठ दिवसांनी बाबा प्लास्टर घातलेल्या पायानं टेम्पोत बसून चाकूरला आले होते. मी दाराआड होतो. त्यांचा आवाज अजून कानात आहे. "पोरगं गेलतं का न्हाई? गेलं नसंल तर आत्ता घिऊन जातो त्याला. घरच्या लेकीला आणायला जाता येत न्हाई, अन् कॉलेज शिकायलंय. शाळा बास झाली."

तू म्हणालीस, "पोराला मीच धाडलं न्हाई. सासूच्या धावपळीत इसरले."

बाबा म्हणाले, "सख्खी भन हाय गं ती तुझी." आणि गेले. माझं कॉलेज वाचलं. तुझी बहीण तुटली.

तर त्या दिवशी देगलूरला, ताटावर, तू पुन्हा तेच म्हणालीस. "इसरले गं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मी एक शब्द बोलायचा होता. आत्या, तो एक शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. मी वरण कालवत राहिलो. चाळीस वर्षांचा माणूस, पुस्तकांमध्ये बसणारा, वरण कालवत राहिला.

शांताआत्या म्हणाली, "इसरायची गोष्ट व्हती व्हय ती?" पण तुझ्या ताटात तूप वाढलं. उन्हाळ्यात कुरडया करायला चाकूरला येईन म्हणाली. तेवढ्यावर तू खूश होतीस.

परत येताना मी गाडीत सुरुवात केली. "आत्या, त्या पंचमीला..."

"पुढं बघ, म्हैस हाय."

खरंच म्हैस होती. पण ती गेल्यावरही तू बोलू दिलं नाहीस. उदगीर आलं तेव्हा विचारलंस, "हितं एवढी मोठी शाळा कवा झाली?"

म्हणून मी पत्र लिहिलं. फोनवर तुला ऐकू येत नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं. तुला वाचता येत नव्हतं हे खरं, पण मला वाटलं दादाची मुलगी वाचून दाखवेल, लहान आहे, तिला काय कळणार. वैशाखात टपालात टाकलं. उत्तर आलं नाही. मीही विचारलं नाही. ज्येष्ठात दादाचा फोन आला.

दहाव्याला सगळं आटोपल्यावर शांताआत्यानं मला मागच्या अंगणात बोलावलं. पहिल्यांदा ती माझ्याशी नीट बोलली.

"तुझं पत्र आलं तवा पोरगी सुट्टीला आईसंगं मामाकडं गेलती. घरात आमी दोघीच. कुरडयांचा चीक हाटून राहिलतो. गोदाक्का म्हणली, तू चौथी शिकलीस, वाच."

मी विचारलं, "सगळं वाचलंस?"

"सगळं. तू त्या पंचमीचं लिवलंस तिथं आले अन् थांबले. तर ती चीक हाटतच म्हणती, वाच की पुढं, मला ठाऊक हाय. म्हणलं, काय ठाऊक हाय? तर म्हणली, बस चुकली असती तर पोळ्या परत आल्या असत्या."

आत्या, मला हे कधी सुचलंच नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही. मी रिकामं फडकं घडी करून तुझ्या हातात दिलं होतं, नीटनेटकं, शहाण्यासारखं. तू ते घेतलंस, झटकलंस, खुंटीला लावलंस.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हणलं, म्हंजी तू इसरली नव्हतीस. तर म्हणली, आपल्या शांतीला मी इसरीन व्हय गं? मग चीक करपला." शांताआत्या हसली आणि हसता हसता रडवेली झाली. मग म्हणाली, "गजू, तुझ्यावर माझा राग हाय. तो ऱ्हानार. आई काय परत दिसायची न्हाई. पण तिच्यावरचा गेला. आठ दिवस मिळाले आमाला, एका अंथरुणात निजलो."

मी मान खाली घालून ऐकलं. माफी मागितली. तिनं "बरं" म्हटलं, माफ केलं म्हटलं नाही. ते बरोबरच आहे. पुढचं मी माझं बघीन.

मग जायच्या आधी मी तिला विचारलं, "आत्या कुठं निघाली होती गं? तुला तरी काही बोलली का? ती पिशवी, ती दोरी?"

शांताआत्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी पहिलीतला पोर झालो.

"पत्र तूच लिवलंस ना?"

"हो."

"अन् मला इचारून राहिलास, कुठं निघाली व्हती?"

तिनं कमरेला खोचलेल्या चंचीतून घडी केलेला कागद काढला. "तिच्याकडून मागून घेतला व्हता. तुझ्यावरचा राग कमी व्हायला लागला की काढून वाचते. आता तूच वाच. शेवटपोत वाच."

मी ते पत्र कबुलीसाठी लिहिलं होतं. रात्रंदिवस मनात जे घोळत होतं ते वर लिहिलं, आणि कागद उरला म्हणून खाली चार ओळी लिहिल्या. त्या मला आठवतही नव्हत्या. शांताआत्या सांगते, तू वरचा भाग एकदाच ऐकलास. खालचा तीनदा वाचायला लावलास.

पत्र असं आहे.

*

नांदेड

ती. गोदाआत्यास,
गजूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझी तब्येत बरी असेल. औषध वेळेवर घे. शांताआत्या आली असल्यास तिलाही नमस्कार सांग.

एक गोष्ट सांगायची आहे. गाडीत सांगणार होतो, तू सांगू दिली नाहीस. त्या पंचमीला उदगीरला माझी बस चुकली नव्हती. देगलूरच्या गाडीला वेळ होता. स्टँडवर कॉलेजातली दोन मुलं भेटली. ती म्हणाली, चल सिनेमाला. मी तोपर्यंत थेटरात कधी गेलो नव्हतो. कसं असतं ते बघायचं होतं. अर्ध्यातून उठून येईन असं ठरवलं होतं, पण उठलो नाही. मध्यंतरात तू दिलेल्या पोळ्या आम्ही तिघांनी खाल्ल्या. बाहेर आलो तेव्हा गाडी गेली होती. आणखी एक होती, पण एवढ्या उशिरा कोणत्या तोंडानं जायचं, म्हणून मी परत आलो.

तू बाबांना स्वतःवर घेऊन सांगितलंस ते मी ऐकलं होतं. तेव्हा पुढे यायला हवं होतं. देगलूरला जेवतानाही बोलायला हवं होतं. मी शिकलो ते तुझ्या त्या एका वाक्यावर शिकलो. त्याची किंमत शांताआत्यानं दिली आणि तू दिलीस. मी काहीच दिलं नाही. शांताआत्याला खरं तूच सांग, किंवा मला सांगायची परवानगी दे. तिचा राग माझा आहे, तो माझ्याकडे येऊ दे.

आणखी काय लिहू. उमरीच्या फाट्यावर मी तुला उलट बोललो, त्याचं वाईट वाटतं. आईला सांगितलं तर ती मलाच रागावली. म्हणाली, बरोबर आहे त्यांचं, बाबा गेल्यापासून आपण त्यांना कधी रीतीनं बोलावलं नाही. तर हे बोलावणं समज. या पंचमीला आदल्या दिवशी सकाळी मी चाकूरला येतो, मुराळी म्हणून. पिशवी भरून ठेव. यंदा बस नाही, गाडी आहे, चुकणार नाही. शांताआत्या येत असेल तर देगलूरवरून तिलाही घेऊ, तू म्हणशील त्या रस्त्यानं.

घरामागचा लिंब अजून तसाच आहे. आई म्हणते, तुम्ही दोघी त्यावर फार उंच झोका घ्यायच्या. फांदी मजबूत आहे, मी बघितली. दोरी तेवढी कुजली आहे, नवी आणावी लागेल.

तुझा,
गजू